बुधवारचे गुडघे

"दर बुधवारी दुपारी मी गुडघ्यांच्या व्यायामाला जाणार आहे," तिकीटबाईंनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, आणि आपल्याला इतकं सफाईदार खोटं बोलता येतं याचं त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं.

त्यांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. इमारतीचे सगळे जिने न थांबता चढणारे गुडघे होते ते. पण मुलगा म्हणाला, "जा गं आई, चांगलंच आहे," आणि सून म्हणाली, "आई, मऊ तळव्याचे बूट घालून जा हं." मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि इंग्रजीत काहीतरी बोलले. तिकीटबाईंनी मान खाली घालून घास चावला. मनात म्हणाल्या, बोला, बोला. तुमचे थोडेच दिवस राहिलेत.

तिकीटबाई हे नाव त्यांना थिएटरमुळे चिकटलेलं. उभी हयात त्यांनी एका सिनेमागृहाच्या खिडकीत बसून तिकिटं विकली. पुढे थिएटर पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली, खिडकी गेली, नवरा तर त्याच्या आधीच गेला होता, आणि बाई मुलाच्या घरी राहायला आल्या. नाव मात्र सोबत आलं. मुलगा चांगला, सून त्याहून चांगली. तक्रार करायला जागाच नव्हती, फक्त एक गोष्ट सोडून. दोघंही दिवसभर ऑफिसात इंग्रजीत बोलत. घरी बूट काढून ठेवावेत तशी ती भाषा दाराशी काढून ठेवत, पण काही खासगी निघालं की जेवताजेवता पुन्हा पायात सरकवत. मराठी वाक्य अर्ध्यावर थांबे, नजरानजर होई, आणि पुढचा अर्धा भाग तिकीटबाईंच्या डोक्यावरून निघून जाई. गंमत म्हणजे त्या इंग्रजीत मधूनच 'मदर' ऐकू येई. म्हणजे चर्चा आपलीच, टेबल आपलंच, आणि आपल्यालाच पत्ता नाही!

हेही त्यांनी चालवून घेतलं असतं. पण एक दिवस त्यांनी केलेल्या भाजीचा घास घेऊन मुलगा सुनेला काहीतरी पुटपुटला आणि त्यातले दोन शब्द बाईंच्या कानाने अचूक पकडले. 'सॉल्ट' आणि 'टू मच'. बाईंनी भाजी पुन्हा चाखली. मीठ बेताचंच होतं. हा खरा अपमान होता. टीका झाली असती तर एकवेळ ठीक, पण चुकीची टीका, तीही उत्तर देता येणार नाही अशा भाषेत!

दुसऱ्याच दिवशी त्या ग्रंथालयाच्या काचेवर लावलेल्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. मोठ्या माणसांसाठी इंग्रजी वाचनगट, बुधवारी दुपारी, काही आणायची गरज नाही. बाईंनी गरज नसताना चष्मा पुसला आणि आत जाऊन नाव सांगितलं.

पहिल्या बुधवारी त्या पोचल्या तेव्हा खिडकीजवळच्या गोल टेबलाशी एक आडदांड बेकरीवाला बसल्या बसल्या पेंगत होता. त्याच्या बाह्यांवर पीठ होतं. ग्रंथपालबाई पुस्तकं वाटत होत्या. आणि परत आलेल्या पुस्तकांच्या ढकलगाडीमागे कोणीतरी दडून बसलं होतं. दडून म्हणजे कसं, तर गाडीच्या वरून टक्कल दिसत होतं आणि खालून लखलखीत पॉलिश केलेले बूट. ते बूट तिकीटबाईंनी ओळखले. असे बूट गावात एकच माणूस घालत होता.

"व्याहीबुवा?" त्या म्हणाल्या.

गाडीमागून सुनेचे वडील उठले. त्यांचं बुटांचं दुकान होतं. आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या पायांशी बसून मापं घेतल्यामुळे बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायची त्यांना सवय जडली होती. आताही ते तिकीटबाईंच्या बुटांकडे बघत म्हणाले, "विहीणबाई, मी सहज आलो होतो. वर्तमानपत्र वाचायला."

"गाडीमागे?"

"उजेड बरा आहे तिथे."

"व्याहीबुवा, खरं सांगा. मीही सांगते."

मग खरं बाहेर आलं. व्याहीबुवा बायको गेल्यापासून एकटेच राहत. दर रविवारी लेकीकडे जेवायला येत. "मुलगी मला मराठीत म्हणते, बाबा, छान दिसताय," ते खाली बघत म्हणाले. "लगेच जावईबापूंना इंग्रजीत काहीतरी सांगते. आणि पुढच्या रविवारी मला नवा शर्ट मिळतो. जुन्यात काय वाईट होतं तेवढं मला जाणून घ्यायचंय."

तिकीटबाई इतक्या मोठ्याने हसल्या की बेकरीवाला जागा झाला. तिथेच, ढकलगाडीच्या साक्षीने, दोघांनी ठरवलं. घरी चकार शब्द काढायचा नाही. बाईंचे गुडघे होतेच. व्याहीबुवांनी लेकीला पत्त्यांचा अड्डा सांगितला.

ग्रंथपालबाईंची रीत न्यारी होती. व्याकरण नाही, फळा नाही, घोकंपट्टी नाही. एक पुस्तक घ्यायचं, आळीपाळीने मोठ्याने वाचायचं, अडलं की टेबलावर टकटक करायची, आणि मग सगळ्यांनी मिळून त्या शब्दाचा फडशा पाडायचा. "चुका करा," त्या सांगत, "पण मोठ्याने करा. पुटपुटलेली चूक मला दुरुस्त करता येत नाही." पहिल्या दिवशी तिकीटबाईंनी एका पानावर इतक्या वेळा टकटक केली की बेकरीवाल्याला वाटलं दारावर कोणी आलंय, आणि तो उठून दार उघडून आला.

पुस्तक सोपं होतं. बंदराकाठी खानावळ चालवणारी एक तापट विधवा आणि तिच्याकडे रोज जेवायला येणारा, रोज खोडी काढणारा एक म्हातारा कप्तान. पानोपानी भांडणं. ग्रंथपालबाईंनी विधवेची वाक्यं तिकीटबाईंना दिली आणि कप्तानाची व्याहीबुवांना, आणि तिथे एक नवल घडलं. मराठीत चार माणसांत ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, ते व्याहीबुवा इंग्रजीत गरजू लागले. उच्चारांची पार वाट लागायची, पण आवाज असा की खिडकीची काच थरथरावी. जणू ते बोलणं त्यांचं नव्हतंच, त्यामुळे लाजायचं कारणही नव्हतं. तिकीटबाईही कमी नव्हत्या. सुट्टे पैसे नसलेल्या गिऱ्हाइकांना खिडकीतून झापण्याचा सगळा अनुभव त्यांनी त्या विधवेच्या कामी लावला.

हळूहळू घरचं इंग्रजी उलगडू लागलं. आधी सुटे शब्द, मग शब्दांच्या जोड्या, मग एका संध्याकाळी अख्खं वाक्य. सून नवऱ्याला सांगत होती, "तुझ्या आईचे गुडघे इतके सुधारलेत की ती जवळजवळ पळतेच आहे." तिकीटबाईंनी घाईघाईने टेबलाचा आधार घेतला आणि "आई गं" करत उठल्या.

पण सगळंच काही हसण्यासारखं निघालं नाही. एकदा मुलगा, त्या समोर वाटाणे सोलत बसल्या असताना, बायकोला इंग्रजीत म्हणाला, "थिएटर पाडल्यापासून ती फार एकटी झाली आहे. मी विचारलं तर नाही म्हणेल. काय करावं कळत नाही." तिकीटबाईंच्या बोटांतला वाटाणा निसटून सोफ्याखाली गेला. मिठाचा राग धरून त्या इंग्रजी शिकायला गेल्या होत्या, आणि त्या भाषेआड हे निघालं. वाटाणा शोधायच्या निमित्ताने त्या बराच वेळ सोफ्याखाली वाकून राहिल्या. त्या दिवशी त्यांनी सांगून टाकायचं जवळजवळ ठरवलंच होतं. पण खानावळवाली आणि कप्तान यांचं ऐन रंगात आलं होतं. पुस्तक संपू दे, त्या मनाशी म्हणाल्या, मग सांगू.

त्याच आठवड्यात घोटाळा झाला.

ग्रंथालयाबाहेर एक बाक होतं. वाचन सुरू व्हायच्या आधी दोघं तिथे बसून आपापल्या वाक्यांची तालीम करत. त्या दिवशीच्या प्रकरणात कप्तान छातीवर हात ठेवून म्हणतो, "बाईसाहेब, तुमच्या सुपाविना मी म्हणजे पाण्याविना जहाज!" व्याहीबुवांनी ते उभं राहून, हात छातीवर ठेवून, अगदी जीव ओतून म्हटलं. तिकीटबाई हसून हसून बाकावर आडव्या व्हायच्या राहिल्या. आणि नेमकी त्याच वेळी समोरच्या रस्त्यावरून एक बस गेली, आणि त्या बसच्या खिडकीत ऑफिसातून लवकर निघालेली सून होती.

संध्याकाळी जेवताना सुनेचं ताटात लक्ष नव्हतं. मुलाने मराठीत विचारलं, "काय झालं?" तिने इंग्रजीत उत्तर दिलं. तिकीटबाईंनी डोळे ताटात ठेवले आणि कान टवकारले.

"मी आज माझ्या बाबांना पाहिलं. तुझ्या आईबरोबर. बाकावर. बाबांनी छातीवर हात ठेवला होता."

"छातीत दुखत होतं?"

"नाही रे! ते काहीतरी म्हणत होते, आणि तुझी आई लाजत होती."

लाजत होते? तिकीटबाईंच्या मनात आलं. मी? पण चेहरा कोरा ठेवून त्यांनी पाणी ओतून घेतलं.

"आणि गुडघ्यांचा वर्ग बिर्ग काही नाहीये," सून पुढे म्हणाली. "मी फोन करून विचारलं. पत्त्यांचा अड्डाही नाही."

मुलगा घास हातात धरून बसला. मग म्हणाला, "म्हणजे, त्यांनी लग्न केलं तर..."

"तर काय?"

"यू विल बी माय सिस्टर!"

तिकीटबाईंच्या नाकातोंडात पाणी गेलं. डोळ्यांतून धारा लागल्या, खुर्ची गदगदा हलायला लागली. सून धावत येऊन पाठीवर थोपटत म्हणाली, "सावकाश, आई, सावकाश. घाई कसली आहे?"

पुढच्या बुधवारी त्यांनी हे सगळं व्याहीबुवांना सांगितलं. व्याहीबुवा कानांपर्यंत लाल झाले. "अहो, काय सांगता! आता मी लेकीला तोंड कसं दाखवू? आजच सांगून टाकू आपण."

"सांगू. पण आधी थोडी गंमत नको? इतके दिवस ते आपल्यासमोर आपल्याबद्दल बोलत होते."

व्याहीबुवा बराच वेळ आपल्याच बुटांकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. "जावईबापू खरंच म्हणाले, सिस्टर?"

"खरंच."

"मग थोडी करू."

थोडी म्हणता म्हणता बरीच झाली. तिकीटबाई बुधवारी निघताना गुणगुणू लागल्या. कपाटात ठेवलेले कानातले त्यांनी बाहेर काढले. एक दिवस भाजी परतता परतता मुलाला म्हणाल्या, "तुझे सासरे एकटे कसे जेवत असतील रे?" मुलाच्या हातातून झाकण पडलं. तिकडे व्याहीबुवांनी लेकीला फोन करून विचारलं, "विहीणबाईंच्या पायाचं माप किती गं? नाही, सहजच." दुकानदाराने कुणाच्या पायाचं माप विचारावं यात काही विशेष नव्हतं, पण लेक दिवसभर फोनकडे बघत राहिली. दोघंही बुधवारी एकमेकांना हे किस्से रंगवून सांगत. ग्रंथपालबाईंना वाटे, आज प्रकरण फारच विनोदी आहे वाटतं.

मग एका संध्याकाळी तिकीटबाईंनी जे ऐकलं त्याने त्यांचं हसू जागच्या जागी विरलं.

"मी ताईशी बोलले," सून इंग्रजीत सांगत होती. तिची थोरली बहीण लांबच्या शहरात राहत असे. "बाबांना काही महिने तिच्याकडे पाठवू. दुकान नोकर बघतील. एकमेकांपासून दूर राहिले की डोक्यातून जाईल. रविवारी जेवताना सांगू त्यांना."

"आई काय म्हणेल?"

"आईंना नंतर सांगू."

तिकीटबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून नुसत्याच उभ्या राहिल्या. त्या लांबच्या घरात व्याहीबुवा कसे दिसतील ते त्यांना दिसत होतं. कोपऱ्यात बसलेले, खाली मान, सगळ्यांचे पाय मोजत. गंमत आपण सुरू केली आणि शिक्षा त्यांना. शनिवारी त्यांनी दुकानात जाऊन बूट बघायच्या मिषाने सगळं सांगितलं. म्हणाल्या, "उद्या मी बोलते. चूक माझी आहे."

व्याहीबुवा त्यांच्या पायात बूट घालत होते. नाडी बांधता बांधता म्हणाले, "पुस्तकाची पंधराएक पानंच राहिलीत ना?"

"व्याहीबुवा, पुस्तक जाऊ द्या हो!"

"नाही, सहज विचारलं," ते म्हणाले. आणि दुसऱ्या बुटाला हात घातला.

रविवारी चौघं टेबलाशी बसले. सुनेने सगळ्यांना वाढलं, दोनदा वाढलं, आणि मग नवऱ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, "तू सांग."

"मी का? वडील तुझे."

"प्रकरण तुझ्या आईचं."

"अर्धं तुझ्या बाबांचं!"

"बरं, मी सुरुवात करते. पण ते चिडले तर?"

"तुझे बाबा? ते कधी चिडलेत? पाठवू तिथे जातील."

तिकीटबाईंनी घास खाली ठेवला. आता बोलायचं, असं म्हणून त्यांनी श्वास घेतला. पण त्यांच्याआधीच समोरून एक आवाज गरजला. असा की वाटीवरची चमची खणखणली.

"आय विल नॉट गो!" व्याहीबुवा उभे राहिले होते. त्यांचा हात छातीवर होता, आणि नजर, पहिल्यांदाच, सरळ जावयाच्या डोळ्यांत. "आय ॲम नॉट अ पार्सल!"

मुलाच्या हातातला चमचा तोंडापासून वीतभर अंतरावर थांबला होता. सून वडिलांकडे बघत होती, जणू त्यांच्या खुर्चीत दुसराच कोणी येऊन बसला होता.

मग तिकीटबाईंनी रुमालाने तोंड टिपलं आणि शांतपणे, एकेक शब्द सुटा करत म्हटलं, "अँड शी विल नॉट बी युवर सिस्टर."

चमचा पडला.

"आई!" मुलगा ओरडला. "तू... हे... कधीपासून?"

"मीठ जास्त झालं त्या दिवसापासून. आणि ते जास्त नव्हतं."

"म्हणजे आम्ही बोलायचो ते सगळं तुला कळत होतं?"

"सगळं नाही रे. माझा भूतकाळ अजून कच्चा आहे."

सुनेने तोंडावर हात घेतला. "बाबा, तुम्हीसुद्धा?"

व्याहीबुवा एव्हाना खाली बसले होते आणि पुन्हा टेबलाखालच्या पायांकडे बघत होते. मराठीत म्हणाले, "आमचा वाचनगट आहे, बाळा. मी कप्तान आहे." मग जरा थांबून, "जुन्या शर्टात काय वाईट होतं?"

सून हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू आलं. "कॉलर झिजली होती, बाबा. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ती शिंप्याकडून उलटवून घेतली असती."

"घेतलीच असती," व्याहीबुवा म्हणाले.

मुलगा मात्र खाली पडलेल्या चमच्याकडे बघत होता. त्याचे कान तापलेले दिसत होते. तो मनातल्या मनात कितीतरी जेवणं मागे जाऊन आपण काय काय बोललो ते आठवत होता, हे त्याच्या आईला कळत होतं. मग तो म्हणाला, "मी तुझ्याबद्दल बोललो होतो, आई. एकटी झाली आहे म्हणून."

"ऐकलं."

"तोंडावर बोलायला जमत नव्हतं."

"मला तरी कुठे जमत होतं? म्हणून तर तुझ्या भाषेत शिरले." तिकीटबाईंनी भाजीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. "आता मराठीत विचार. मी मराठीत सांगीन."

त्याने विचारलं. त्यांनी सांगितलं. जेवणं थंड झाली.

थोरल्या बहिणीला फोन करून बेत रद्द केला गेला. तिला कारण सांगताना सुनेची पुरती भंबेरी उडाली. घरात इंग्रजी कुजबुज थांबली. आता नवरा-बायकोला काही खासगी बोलायचं असलं की ते "दूध संपलंय" म्हणून खाली जात आणि गाडीत बसून बोलत. शेजाऱ्यांनी तिकीटबाईंना विचारलंसुद्धा, "या दोघांचं काही बिनसलंय का? सारखे गाडीत बसून भांडताना दिसतात." तिकीटबाई म्हणाल्या, "नाही हो. आमच्या घरात त्यांना जागा पुरत नाही."

पण त्या रविवारचा एक परिणाम कोणी धरला नव्हता. पुढच्या बुधवारी व्याहीबुवा वाचनगटात आले आणि तिकीटबाईंच्या शेजारची नेहमीची खुर्ची सोडून बेकरीवाल्याच्या पलीकडे जाऊन बसले. तिकीटबाईही त्यांच्याकडे बघायचं टाळत होत्या. इतके दिवस जी गोष्ट फक्त चेष्टेत होती, ती चौघांसमोर मोठ्याने बोलली गेली होती, आणि आता ती कुठे ठेवायची ते दोघांनाही सुचत नव्हतं. वाचन सुरू झालं. खानावळवाली कशीबशी ओरडली. कप्तान तर घशातल्या घशात बोलला.

"मोठ्याने," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"व्याहीबुवा," तिकीटबाई म्हणाल्या, "तिथे अंधार आहे. इकडे या."

ते आले. खुर्ची ओढली, बसले, पुस्तक उघडलं. बेकरीवाला तोवर पेंगायला लागला होता आणि ग्रंथपालबाई खिडकी लावायला उठल्या होत्या. व्याहीबुवांनी घसा खाकरला. इंग्रजीत काहीही बोलायची त्यांची आता तयारी होती, पण हे त्यांनी मराठीत, हळू आवाजात विचारलं.

"विहीणबाई, ती सगळी गंमतच होती ना?"

"हो," तिकीटबाई पानावर बोट ठेवत म्हणाल्या. "गंमतच होती."

त्यांनी एक ओळ वाचली. मग दुसरी.

"बरीचशी," त्या म्हणाल्या.

व्याहीबुवांची पानावरची जागा चुकली. कप्तानाची पाळी आली होती, आणि ते पुस्तकाकडे न बघता, खाली पायांकडेही न बघता, समोर बघत बसून राहिले. शेवटी ग्रंथपालबाईंनीच टेबलावर टकटक केली.